सकाळी आंबट, दुपारी फिकं

आधीच सांगून ठेवते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. कुणाची म्हणाल त्याची शपथ घेते. तुमची घेते, माझी घेते, वरच्या मजल्यावर रात्रंदिवस खोकणाऱ्या त्या म्हाताऱ्याचीही घेते. खोटं निघालं तर माझी कवळी उचला आणि गटारात फेका. जन्मभर दूध पिऊन राहीन, पण तक्रार करणार नाही.

तर एक वहिनी होती. कुणाची? नणंदेची, अजून कुणाची! कारखान्यात मात्र तिला सगळे 'काटा' म्हणायचे. तराजूचा असतो ना, तो. कारखाना होता आंबट गोळ्यांचा. तांब्याच्या कढईत साखरेचा पाक उकळायचा, मग तो तेल लावलेल्या लोखंडी टेबलावर ओतायचा. जरा निवला की त्यात रंग घालायचा, वास घालायचा, आंबट घालायचं आणि कणकेसारखा मळायचा. आता आंबट किती घालायचं, हे कढईवाल्याने ठरवायचं नाही. साहेबांनीही नाही. पहिली गोळी थंड झाली की वहिनी तिची कपची काढून जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "चालेल." नाहीतर म्हणायची, "अजून थोडं." की विषय संपला.

तसं कारखान्यात आंबटपणा मोजायचं यंत्रही होतं. पण यंत्र सांगायचं गोळी किती आंबट आहे, आणि वहिनी सांगायची की पोरगं दुसरी मागेल की नाही. धंदा दुसऱ्या गोळीवर चालतो.

जिभेला भारी जपायची ती. कच्चा कांदा नाही, मिरची नाही, चहा पार कोमट होईपर्यंत कपाला हात नाही. तिचा नवरा म्हणायचा, "लग्न मी हिच्याशी केलं, पण घरात चालतं हिच्या जिभेचं." त्याला या गोष्टीत एवढंच बोलायचं होतं, बोलून झालं. तो गेला आत.

नणंद राहायची त्याच इमारतीत, तळमजल्यावर. वहिनी तिला वन्सं म्हणायची. मागच्या अंगणात वन्संनी पत्र्याची शेड उभारली होती आणि त्यात त्या झाडं विकायच्या. पण कसली झाडं? मातीत राहणारी नव्हेत. जंगलात जी दुसऱ्या झाडाच्या फांदीवर बसून वाढतात, ती. कुणाची मुळं लाकडाच्या ढलपीला मिठी मारून बसलेली, कुणी नारळाच्या काथ्यात, कुणी नुसतंच तारेला लोंबतंय. शेडमध्ये शिरलं की केसांत कुणाची तरी मुळं अडकायचीच.

वहिनी पहिल्यांदा आत आली तेव्हा म्हणाली होती, "बाई बाई, एवढी बांडगुळं पाळलीत?"

झालं! वन्सं दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या त्या अशा, "वहिनी, बांडगूळ दुसऱ्याचं रक्त पितं. माझी झाडं फक्त खांद्यावर बसतात. जागा दुसऱ्याची, पण चूल आपली. पाणी पावसाचं, अन्न स्वतःच्या पानात शिजवलेलं. तुझ्या माहेरची माणसं येऊन राहतात ना आपल्याकडे, त्यांच्यापेक्षा फार सभ्य आहेत."

मग समेट म्हणून वन्संनी तिला एक झाड दिलं. जाड, गुळगुळीत, कानाच्या पाळीसारखी पानं. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर जाळीला टांगलं आणि बजावलं, "उन्हाळ्यात याला रोज पाणी द्यायचं नाही. पाणी नसताना जगायची सवय आहे त्याला. तू फक्त बघायचं."

आता एखाद्या चव घेणाऱ्या बाईला 'फक्त बघ' म्हणणं म्हणजे मांजराला दुधाची राखण देणं. आठवडाभर तिने बघितलं. मग एका सकाळी पानाचा कोपरा तोडला आणि जिभेच्या टोकावर ठेवला. तुम्ही असलं काही करू नका हं, निम्मी झाडं विषारी असतात. तिचं नशीब बरं.

आणि काय सांगू! आंबट. असं स्वच्छ, सरळ आंबट की वहिनीचे कान टवकारले. लिंबाचं नव्हे, लिंबाचं टोचून पळून जातं. हे रेंगाळणारं, कच्च्या सफरचंदाचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखलं, तेवढंच आंबट. तिसऱ्या दिवशी तेवढंच. वहिनी खूश झाली. गवई गाण्याआधी तंबोरा जुळवतो, तशी तिला सकाळी जीभ जुळवायला काहीतरी लागायचं. आजवर लिंबू वापरायची, पण लिंबाचा काय भरवसा, एक असं तर एक तसं. आता रोज सकाळी कामावर निघताना पानाचा नखाएवढा तुकडा, आणि दिवसभराची जीभ लागली म्हणून समजा.

वन्सं अधूनमधून वर यायच्या, कुरतडलेली पानं बघायच्या आणि हळहळायच्या. "उंदीर लागलाय गं याला!" एकदा तर त्यांनी खिडकीत पिंजरा लावला, आत खोबऱ्याचा तुकडा. वहिनी पिंजऱ्याच्या वरून हात घालून पान तोडत राहिली.

सगळं छान चाललं होतं, आणि मग पाळी बदलली. दुपारपाळीची चव घेणारी पोरगी बाळंतपणाला माहेरी गेली. साहेब वहिनीला म्हणाले, "काही महिने तुम्ही दुपारी या." हे साहेब म्हणजे असा माणूस, की त्याच्या चेहऱ्यावरून त्याला पगारवाढ मिळालीय का दाढदुखी झालीय, हे कळायचं नाही. वहिनी बरं म्हणाली.

पहिल्या दुपारी जेवण उरकलं, पदर खोचला, सवयीने खिडकीशी गेली, पान तोडलं, जिभेवर ठेवलं.

काही नाही.

पुन्हा ठेवलं. काही नाही! ओला कागद चघळावा तसं. दुसऱ्या पानाचा तुकडा घेतला, चूळ भरून घेतला, डोळे मिटून घेतला. आंबटाचा मागमूस नाही.

आता तुम्ही-आम्ही असतो तर म्हटलं असतं, पानाला काहीतरी झालंय. पण ज्या पानाने वहिनी रोज जीभ जुळवायची, ते पान कसं चुकेल? तिच्या लेखी पान पक्कं होतं. म्हणजे चुकतेय ती जीभ. वय झालं. गेली जीभ!

कुणाला सांगायची सोय नाही. ती तशीच कारखान्यात गेली. पहिल्या गोळीची कपची तोंडात टाकली. लागली हो, आंबट लागली! पण वहिनीच्या मनात आलं, माझी जीभ बधिर झालीय, मला जर ही ठीक लागतेय तर खरी किती लागायला हवी? म्हणून म्हणाली, "अजून थोडं." कढईवाल्याने घातलं. पुन्हा चाखली. "अजून." कढईवाल्याने तिच्याकडे बघितलं, पण काट्याला कोण विचारणार? घातलं त्याने.

त्या दिवशीच्या गोळ्या बाहेर पडल्या आणि हाहाकार झाला. ट्रकच्या ड्रायव्हरने एक तोंडात टाकली तर त्याचा डावा डोळा जो मिटला तो जेवायच्या सुट्टीपर्यंत उघडला नाही, एका डोळ्याने गाडी मागे घेतली बिचाऱ्याने. एका दुकानदाराच्या पोपटाने गोळी चाटली आणि चार दिवस कुणाला शिवी दिली नाही. एका शाळेच्या दारात पोरांनी पैज लावून गोळ्या खाल्ल्या, आणि आख्खा वर्ग दिवसभर ओठांचा चंबू करून बसला. बाई म्हणाल्या, इतकी शांतता बघून मला रडू आलं.

साहेबांनी वहिनीला बोलावलं. चेहरा नेहमीचाच. "काटा हललाय का?"

वहिनीने पदराने कपाळ पुसलं.

"पुढच्या सोमवारी सकाळी परीक्षा घेऊ," साहेब म्हणाले. "पाच बशा ठेवतो. कमी आंबटापासून जास्तीपर्यंत लावून दाखवायच्या. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर वेष्टनखात्यात जागा आहे."

वेष्टनखातं म्हणजे गोळ्यांना कागद गुंडाळायचा. वाईट काम नाही, पगारही तोच. पण बत्तीस वर्षांत वहिनीने कुठल्या गोळीला बोटाने ओळखलं नव्हतं. तिला वाटलं, आपला काटा काढून आपल्याला नुसतं पारडं करून ठेवणार.

घरी आली ती थेट तळमजल्यावर. वन्सं स्टुलावर उभ्या राहून तार आवळत होत्या. वहिनीने हंबरडाच फोडला. "वन्सं, माझी जीभ गेली!"

"अगं, मग बोलतेयस कशाने?" वन्सं खाली उतरल्या. "नीट सांग."

वहिनीने सगळं सांगितलं. सांगता सांगता पान खाल्ल्याचंही सांगावं लागलं.

वन्संनी कमरेवर हात ठेवले. "म्हणजे उंदीर तू?"

"अहो, माझी नोकरी चाललीय आणि तुम्हाला उंदीर सुचतोय!"

"तीन वेळा पिंजरा बदलला मी! खोबरं वाया गेलं ते वेगळं. थांब जरा, मला मनसोक्त रागावू दे." थोडं रागावून झाल्यावर वन्संच्या भुवया चढल्या. "पण काय म्हणालीस? सकाळी आंबट लागायचं? माझं झाड आंबट आहे, हे मलाच माहीत नाही? इतकी वर्षं विकतेय, एकदा चाटलं नाही मी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी वहिनीच्या खिडकीशी. वहिनीने भीत भीत तुकडा जिभेवर ठेवला. आणि तिचे डोळे लकाकले. "आंबट! वन्सं, आंबट!"

वन्संनी चाखला. तोंड वाकडं केलं. "आंबटच की."

दुपारी जेवून पुन्हा दोघी. वहिनी म्हणाली, "फिकं." वन्सं म्हणाल्या, "कोबी." त्याच झाडाचं, त्याच फांदीचं पान! सकाळ-दुपारच्या मधे चाखून बघितलं होतं ते अर्धवट, आंबट ओसरत चाललेलं, उतरत्या तापासारखं.

"वन्सं," वहिनी हळूच म्हणाली, "माझी जीभ नाही गेलेली. हे पानच रोज सकाळी भरतं आणि दुपारपर्यंत रिकामं होतं."

"पण का?" वन्सं म्हणाल्या. "काही कारण असल्याशिवाय माझं झाड असा चावटपणा करणार नाही."

वन्संचे एक गिऱ्हाईक होते, कॉलेजात झाडांचा विषय शिकवणारे मास्तर. त्यांना फोन लावला आणि फोन दोघींच्या मधे कुंडीवर ठेवला. मास्तर एकदा सुरू झाले की थांबायचे नाहीत, पण त्या दिवशी कुणाला थांबवायचंच नव्हतं.

"पानाला बारीक बारीक तोंडं असतात," मास्तर म्हणाले. "त्यातून ते हवा आत घेतं. हवेतला कर्बवायू आणि सूर्याचा उजेड, त्यावर साखर शिजते. पण तोंड उघडलं की आतलं पाणी उडून जातं. जमिनीतल्या झाडाला काय, मुळं खोल. तुमचं हे फांदीवर बसलेलं. पाऊस नसला की त्याला घोटभर पाणी कुठून मिळणार?"

"मग तोंड मिटून बसायचं," वहिनी म्हणाली.

"मिटून बसलं तर उपाशी मरेल! म्हणून ते काय करतं, दिवसभर उन्हात तोंडं बंद ठेवतं आणि रात्री गारव्यात उघडतं. रात्री वायू भरून घेतं. पण रात्री उजेड नाही, शिजवणार कसं? मग तो वायू आंबटात बांधून पानात साठवतं. सकाळी तोंडं मिटली, उजेड आला की ते आंबट फोडून त्यातला वायू काढायचा आणि दारं लावून आतल्या आत स्वयंपाक. दुपारपर्यंत साठा संपला."

"म्हणजे रात्री बाजारहाट आणि दिवसा स्वयंपाक," वन्सं म्हणाल्या.

"आणि मी रोज सकाळी त्याच्या भरल्या डब्यात हात घालत होते," वहिनी म्हणाली. मग तिला राहवेना. "मास्तर, एक विचारू? हे आंबट लिंबातलं नव्हे ना? कच्च्या सफरचंदातलं आहे ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मास्तरांनी विचारलं.

"जिभेने."

"बरोबर आहे हो! तेच आम्ल!" मास्तर इतक्या जोरात म्हणाले की कुंडीवरचा फोन घसरून शेवाळात पडला.

वहिनीच्या जिवात जीव आला. सोमवारी सकाळी निघताना पान चाखायचं, आंबट लागलं की जीभ शाबूत, मग पाच काय पन्नास बशा ठेवा! दुसरी परीक्षाच नको. इतकी निश्चिंत झाली बाई की नवऱ्याला गरम भजी तळून दिली, आणि स्वतः निवल्यावर खाल्ली.

त्यानंतर पाऊस लागला. बारीक, चिवट, आठवडाभर. खिडकीबाहेरचं झाड नुसतं न्हाऊन निघालं, पानं चकचकीत झाली. वहिनी त्या आठवड्यात त्याच्याकडे फिरकली नाही, म्हणाली, आता उगाच कशाला खाऊन संपवू.

सोमवार उजाडला. वहिनी तयार झाली, चूळ भरली, जाळीतून हात घातला, पान तोडलं, जिभेवर ठेवलं.

फिकं.

सकाळची वेळ! तेच झाड! आणि फिकं! तोंडचं पाणी पळणं म्हणतात ते काय असतं, ते वहिनीला त्या दिवशी कळलं. जिन्यावरून ती उतरली का गडगडली, तिचं तिलाच ठाऊक. वन्संच्या दारावर दोन्ही हातांनी थापा. "वन्सं, खरंच गेली हो! आता खरंच गेली!"

वन्संनी तिच्या हातातलं उरलेलं पान घेऊन चावलं. "मलाही फिकंच लागतंय. तुझी गेली तर माझीही गेली, आणि माझी तर उत्तम चालते, कुणालाही विचार."

"तुमच्या जिभेला काय कळतं!" वहिनी रडकुंडीला आली. "तुम्ही मिरची काकडीसारखी खाता!"

तेवढ्या घाईतही वन्सं चिडल्या, पण तेवढ्यात थबकल्या. त्यांना काहीतरी आठवलं. वहिनीचा हात धरून त्यांनी तिला ओढतच शेडमध्ये नेलं, अगदी मागे, काथ्याच्या पोत्यांच्या आड. तिथे खिळ्याला एक झाड टांगलं होतं, कोमेजल्यासारखं, धुळीने माखलेलं. वर पत्रा, त्यामुळे पावसाचा थेंब नाही. आणि वन्संनी पाणी घातलं नव्हतं, कारण ते तिथे आहे हेच त्या विसरल्या होत्या.

"तुझ्या झाडाची सख्खी बहीण," वन्सं म्हणाल्या. "एकाच फांदीचे दोन तुकडे करून लावले होते मी. खा."

वहिनीने पान पुसलं. जिभेवर ठेवलं.

आणि तिथेच पोत्यावर बसली.

"काय झालं? ए, बोल ना!"

"सफरचंद," वहिनी म्हणाली. डोळ्यांतून पाणी. "कच्चं, हिरवं, आंबटढाण सफरचंद."

वन्संनी टाळीच वाजवली. "मग? जीभ आहे की जागेवर! चल, बस जाईल."

पण वहिनी उठेना. हातातलं पान उलटसुलट करत बसली. "वन्सं, दोघी बहिणी. एक भिजली ती फिकी. एक तहानलेली ती आंबट. का बरं?"

"परीक्षेला चल आधी!"

"थांबा हो! हे कळलं नाही तर तिथे बशीत लक्ष लागणार नाही माझं." मग एकदम ताठ झाली. "अहो, सोपं आहे! भिजलेलीला पाण्याची ददात नाही. मग ती कशाला रात्रीची बाजारहाट करेल? उघडेल दिवसाढवळ्या तोंडं, घेईल हवा, शिजवेल तिथल्या तिथे. साठवायचंच नाही, तर आंबट होणार कशाने?"

"आणि पाऊस गेला की?"

"की पुन्हा रात्रपाळी!" वहिनी हसायला लागली. "वन्सं, पाळी माझी एकटीचीच बदलत नाही. हिचीही बदलते, ऋतू बघून!"

वन्संनी कपाळाला हात लावला. "या झाडाला पाळी बदलून मिळते आणि तुला वेष्टनखातं मिळणार आहे. पळ!"

पळाली. बस मिळाली. कारखान्यात पोचली तेव्हा पाच बशा मांडून तयार होत्या, बाजूला कोमट पाण्याचा पेला. कढईवाला दारात उभा, नखं खातोय. साहेब खुर्चीत, चेहरा नेहमीचाच.

वहिनीने पहिली कपची घेतली. चूळ भरली. दुसरी घेतली. मधेच तिला वाटलं, आंबट कमी तर लागत नाहीये ना, अजून थोडं म्हणू का? आणि मग पोत्याआडची ती धुळकट बहीण आठवली, आणि वाटणं आपोआप बंद झालं. जे लागतंय ते लागतंय. एक बशी डावीकडे सरकवली, एक उजवीकडे, एक मधे, चौथी तिच्या पुढे. पाचवी हातात धरून तिने पुन्हा चाखली, आणि सरळ नेऊन चौथीच्या मांडीला मांडी लावून ठेवली.

"रांगेत लावायच्या होत्या," साहेब म्हणाले.

"लावल्यात. ही दोन जुळी आहेत, एकाच कढईतली. यांच्यात पुढे-मागे कोण, ते यांच्या आईलाही सांगता येणार नाही."

साहेबांनी बशा उलट्या करून खालच्या खुणा बघितल्या. एकदा बघितल्या, पुन्हा बघितल्या. कढईवाल्याने नखं खायची थांबवली.

"मग त्या दिवशी काय झालं होतं?" साहेबांनी विचारलं.

"झाडाचं ऐकलं मी, जिभेचं नाही," वहिनी म्हणाली, आणि मग तिने सगळं सांगितलं, रात्रीच्या बाजारहाटीपासून पोत्यांआडच्या बहिणीपर्यंत. पिंजऱ्याचंही सांगितलं. साहेब ऐकत राहिले, आणि ऐकता ऐकता खो खो हसत सुटले. डोळे पुसत म्हणाले, "जा, कढई वाट बघतेय. आणि काटाबाई, ते झाड मलाही एक हवं."

वन्संनी त्यांना एक दिलं. त्यात काय, गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. वहिनीची जीभ पुढे निवृत्तीपर्यंत त्याच खुर्चीवर बसली.

आता शपथ घेतलीय तर एक कबूल करून टाकते. साहेब हसले, असं मी म्हटलं ना? ते काही हसले नव्हते. तो माणूस हसतच नाही. नुसता म्हणाला, "कामाला लागा." हसणं मी माझ्या पदरचं घातलं, मला ते तसं बरं वाटलं म्हणून. बाकी शब्दन् शब्द खरा, त्या मुक्या पोपटासकट. माझ्या कवळीला हात लावाल तर खबरदार.